गळ्यातलं अवधाण

माय, बिब्ब्याचा वास आला की मी अजून नाकाला पदर लावते. तुला ऐकून वाईट वाटलं असतं, पण खरं तेच आहे.

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली आपल्या अकोल्याच्या घरात चुलीपाशीसुद्धा कापूस रचलेला होता, भाकरीतही तंतू निघायचे. माझं लग्न ठरत होतं आणि नेमकी जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली. तू ती चाचपलीस आणि दार लावून घेतलंस. "गंडमाळ हाय हे. सोयऱ्याइले समजलं तं तुले कोन करन?" मी म्हटलं, "माय, दाढ ठणकून राहिली." "दाढ गेली खड्ड्यात!" म्हणत तू सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरलास. तेल उकळतं, सुई कलते, ते काळं तेल चांगल्या कातडीवरही ओघळतं. दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. गळाभर फोड, त्यांचं पाणी उशीला चिकटलेलं. शी! मग जेवताना दाढेखालचं गळू तोंडातच फुटलं. पू, रक्त आणि ज्वारीची भाकरी, सगळं एका घासात. त्यानंतर गाठ आपोआप बसली, आणि तू हात जोडलेस बिब्ब्याला.

चीड येते ती याची, की तुला सगळं ठाऊक होतं. शेतात कुणाच्या जांघेत अवधाणाची गाठ आली की तूच ओरडायचीस, "गाठीले काय पाह्यता? पायातला काटा पाहा!" आणि काटा असायचाच. माझा काटा तोंडात होता, माय. तू तोंड उघडायलासुद्धा सांगितलं नाहीस.

परवा माझ्या लेकीला तशीच गाठ आली. चाचपून मी तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "दाताची घाण पुढे अंगात उतरू नये म्हणून या गाठी ती अडवतात. अडवताना सुजतात." त्यांनी किडकी दाढ काढली, गाठ बसली. म्हणजे माझा गळा माझी राखण करत होता, आणि तू राखणदारालाच जाळलंस. वर भाजल्याचा डाग झाकायला लग्नात माझ्या गळ्यात सोन्याची जाड सरी घातलीस. ती घामाने डागावर घासते, खाजते, किळस येते. लेकीला मी ती देणार नाही.

लग्नानंतर मी लिहायला शिकले, पण तू होतीस तोवर यातलं अक्षरही तुझ्यासमोर काढलं नाही. हा कागद आता चुलीत जाईल. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर एवढं लिहू शकले.