विसळणाचं पाणी

५ जानेवारी

आमच्या कॅनमधलं दूध शून्याखाली जेवढं उतरायला हवं तेवढं उतरलंच नाही!

गोठणबिंदू मोजायचं यंत्र पुसलं, पुन्हा लावलं. तेच. दुधात साखर असते, क्षार असतात, सगळे विरघळलेले. म्हणून ते पाण्यासारखं शून्यावर गोठत नाही; आणखी अर्धा अंश खाली उतरतं, मग गोठतं. पाणी पडलं की दूध पातळ होतं आणि गोठणबिंदू पुन्हा शून्याकडे सरकतो. इतकं सरळ. डेअरीच्या प्रयोगशाळेत लागल्यापासून लोकांचे कॅन मी असेच पकडते. आज तपासणीत पहिल्यांदाच आईचा.

पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी कॅन बंद. आणि आईचं सगळं त्या दोन गायींवर.

नोंद केलेली नाही. हात धजत नाही.

६ जानेवारी

आठवलं — विसळण!

धार काढून दूध कॅनमध्ये ओतलं, की आई रिकाम्या बादलीत तांब्याभर पाणी घालायची. मी उकिडवी बसून बादली गोल गोल फिरवायची. कडेचा फेस सुटायचा, पाणी निळसर पांढरं व्हायचं. मग तेही कॅनमध्ये. "बादलीला लागलंय ते पण दूधच ना गं! गाय काय परत देणारे?" मानेवर गायीचा उबदार श्वास. आईच्या हातांना दुधाचा वास, माझ्याही. शाळेत मुली नाकं मुरडायच्या. मला आवडायचा.

ही चोरी नाही. काटकसर आहे.

७ जानेवारी

नोंद केली. केमिस्ट बाईंना सांगूनही टाकलं — कॅन घरचा आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आईलाच धरलंस? धन्य आहेस!" मग हळूच, "विसळण असेल तर नीट समजावून सांग तिला. ताकीद मात्र जाणारच."

संध्याकाळी गोठ्यात उभ्या उभ्याच सांगितलं. बादली विसळलीस तर ते पाणी वासराला पाज, कॅनमध्ये नको. आई हसली. "बघा! घरात पहिली शिकली, आणि पहिला छापा आईवर!"

मग पाठ फिरवून घमेलं ओढलं. बराच वेळ शेण भरत राहिली.

९ जानेवारी

गणित करून पाहिलं. तांब्याभर विसळणाने आकडा इतका हलायला नको. पण गायी दोन, बादल्या दोन. दोनदा विसळत असेल. असेलच.

१२ जानेवारी

आला!! आकडा हवा तिथे आला. आईचा कॅन वाचला. बाईंनी पाठ थोपटली. डेअरीच्या दारावर मी स्वतः कागद लावला — विसळण कॅनमध्ये ओतू नका, आमच्याही घरी ही चूक होत होती. घरचं लिहिताना लाज नाही वाटली. उलट छाती फुगली.

१३ जानेवारी

आईने तो कागद शेजारणीकडून वाचून घेतला. घरी आल्या आल्या म्हणाली, "काढून टाक तो."

"का गं?"

"विसळण तू कॉलेजला गेलीस तेव्हाच सुटलं. बादली फिरवायला होतं कोण? मी कॅनमध्ये थेट नळाचंच पाणी घालत होते. तुझी फी संपेपर्यंतच घालायचं, असं ठरवलं होतं."