क्रांती कुठे चुकली

१६ नोव्हेंबर, रविवार

काल जे झालं ते आधी क्रमाने. मत नंतर.

१. नोएडातली शाळा. व्यावसायिक जाझ वादकांनी सहा महिने येऊन मुलांना शिकवायचं आणि शेवटी मुलांनी त्यांच्याबरोबर स्टेजवर वाजवायचं, अशी योजना. काल शेवटचा कार्यक्रम होता. मुख्य वादक माझे बाबा, सॅक्सोफोन. साऊंड माझा.

२. तिसरा नंबर ब्लूज. चार-चार ठोक्यांचे बारा बार, ते एक आवर्तन. बारा झाले की परत पहिल्यापासून. त्यात अकरावीतली क्रांती ट्रम्पेटवर सोलो वाजवणार होती.

३. बाबांनी लय सरावापेक्षा बरीच चढी दिली.

४. ती टिकली.

५. दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटी ती एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे.

६. बाबांनी हात वर केला. सगळे थांबले. बाबा माइकवर म्हणाले, "बेटा, ये जाझ है. बारात अगले गेट पे है." पालक हसले. प्राचार्य वृंदा मॅडमसुद्धा.

७. बाबांनी हनुवटीने विंगेकडे खूण केली. क्रांती गेली.

८. माइक ट्रम्पेटला क्लिपने लावलेला होता. विंगेतून तिचं रडणं स्पीकरवर यायला लागलं. मी चॅनेल बंद केला.

मत : जाझवाल्यांचा रिवाजच आहे. जो आवर्तनात हरवतो तो स्टेजवरून उतरतो. पण तो क्लबमधला रिवाज. समोर आठशे पालक नसतात तिथे.

१७ नोव्हेंबर

वृंदा मॅडमचा फोन. रेकॉर्डिंगमधून "तो भाग" काढून टाकायचा. शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर टाकायचंय.

मग सहज म्हणाल्या, बंगळुरूच्या संगीतशाळेतल्या जागेसाठी आता दुसरं नाव जाईल. एकच जागा, एक वर्ष, सगळा खर्च त्यांचा. क्रांतीचं नाव जवळजवळ नक्की होतं. "पर आपने देखा ना, स्टेज पे क्या हुआ." समितीची बैठक २८ ला, शुक्रवारी.

हो. देखा.

१९ नोव्हेंबर

"तो भाग" काढायला बसले. काढायच्या आधी ऐकला. प्रत्येक माइक वेगळा रेकॉर्ड केलाय, त्यामुळे एकेक वाद्य सुटं ऐकता येतं. एअर प्युरिफायरची घरघर सगळ्यांत आहे. ती गाळली आणि मोजलं.

अकरा.

बारा नाहीत! दुसऱ्या आवर्तनात बाबा अकरा बार झाल्यावरच परत पहिल्या बारला आले. बास आणि ड्रम त्यांच्याबरोबर वळले. क्रांतीने बारा पूर्ण केले — त्या लयीत, एकटीने, बाकी सगळे सोडून गेलेले असताना. बाराव्या बारमधला तिचा शेवटचा स्वर स्वच्छ आहे.

परत मोजलं. अकराच.

२० नोव्हेंबर

बास वाजवणाऱ्या यतीनला केबल परत करायच्या निमित्ताने भेटले. विचारलं, अकरावर का वळलास?

"अकरा? यार केतकी, तू मोजत बसलीस?"

"तू मोजत नाहीस?"

"सर जिथे वळतात तिथे पहिला बार. पंधरा वर्षं असंच चाललंय." मग हसला. "तू परत वाजवायला ये. साऊंडवाल्यांचं फार डोकं चालतं."

२१ नोव्हेंबर

क्रांतीच्या वडिलांचा फोन. दादाराव नाव. आर. के. पुरमला राहतात, कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मूळचे नांदेडचे. तिकडे क्रांतीच्या मामाचा बँड आहे, लग्नात आणि जयंतीला वाजवतो. ट्रम्पेट तिला मामाने शिकवलं. हे बाबांना माहीत आहे. पहिल्याच वर्गात त्यांनी विचारून घेतलं होतं.

म्हणाले, "ताई, भांडायला फोन नाही केला. सरांचा अनुभव मोठा आहे. तिचं कुठे चुकलं तेवढं सांगा. ती दुरुस्त करेल."

मी म्हटलं, ऐकून सांगते.

"तिने ट्रम्पेट माझ्या ऑफिसातल्या कपाटात ठेवायला दिलंय. घरात नको म्हणते. बिल्कुल नको. म्हणून म्हटलं, चूक कळली तर निदान काढेल तरी बाहेर."

ऐकून सांगते! दोन दिवसांपूर्वीच ऐकलंय. मी असं का म्हणाले ते माहीत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जेवताना बाबांना सांगितलं.

"बाबा, अकरा होते."

"काय अकरा?"

"बार. क्रांतीच्या सोलोत. ती बरोबर होती."

बाबांनी भाकरी मोडली. "मशीनने सांगितलं?"

"मी मोजलं."

"मोजणाऱ्यांनी मोजावं, वाजवणाऱ्यांनी वाजवावं. हा फरक तुला चौदाव्या वर्षीच कळला होता की."

आई म्हणाली, "अहो!"

"अहो काय? तेव्हा मीच उतरवलं हिला. आज इंजिनियर आहे, स्वतःच्या गाडीने हिंडते. वाईट झालं का?"

तेव्हाही ब्लूजच होता. क्लबमध्ये, यांच्या मित्रांसमोर. मी पियानोवर होते. हरवले, उतरले. त्यानंतर पियानो उघडला नाही. ही नोंद एवढीच.

आईने भाजी वाढली. मी मुद्दाम बाबांच्या मागे जाऊन हळू विचारलं, "बाबा, पाणी देऊ?" उत्तर नाही. परत विचारलं. नाही.

आई म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही असं नाही ग. ऐकायचं नसतं."

मला तसं वाटत नाही. चाळीस वर्षं ड्रमच्या झांजांच्या शेजारी उभे आहेत. वय बासष्ट. साथ नीट ऐकू येत नसेल तर आवर्तन सुटतं. पुरावा पुरेसा नाही. पण दुसरं कारण सापडत नाही.

२३ नोव्हेंबर

मग बराचसा हिशोब लागतो. चिडणं, दुसऱ्याला आधी चूक म्हणणं. ज्याला ऐकू येत नाही तो तेच करतो.

सकाळी त्यांना गॅलरीत सॅक्सोफोन पुसताना पाहिलं. किती जपून पुसतात! पहिल्यांदाच त्यांची कीव आली. फारशी आवडली नाही.

२४ नोव्हेंबर

वृंदा मॅडमना पत्राचा मसुदा केला. तीन वाक्यं. क्रांतीने आवर्तन अचूक पूर्ण केलं. चूक मुख्य वादकाची होती. वयोमानाने त्यांची श्रवणशक्ती कमी झाली असावी, त्यात हेतू नव्हता. सोबत रेकॉर्डिंग.

यापेक्षा सौम्य मला लिहिता येत नाही. तरीही हे बाहेर गेलं की बाबांचं हॉटेलात वाजवायचं काम जाईल. पुढच्या वर्षीच्या दोन शाळाही. बहिरा वादक कोण ठेवतं?

नाही पाठवलं तर क्रांतीची जागा जाईल.

आधी बाबांना पाठवलं. व्हॉट्सअॅपवर, शेजारच्या खोलीत. निळ्या खुणा लगेच आल्या.

२५ नोव्हेंबर

बाबा सकाळभर सॅक्सोफोनवर लांब स्वर धरून बसले होते. एकही हलला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचा मेसेज. जसाच्या तसा :

"केतकी, मसुदा वाचला. माझे कान ठीक आहेत. अकरावर वळायचं हे आम्ही तिघांनी ग्रीनरूममध्येच ठरवलं होतं. नवीन माणूस पहिल्यांदा लोकांसमोर सोबत वाजवतो तेव्हा एक बार गाळून बघतो. आजवर सगळ्यांना गाळला, कुणाला सोडलं नाही, घरच्यांनाही नाही. जो बरोबर असूनही आपलंच चुकलं म्हणून उतरतो, तो आपल्या कामाचा नाही. मी चुकलो असं लिहू नकोस. मुद्दाम केलं असं लिही. तसं लिहिणार आहेस का, ते उद्या, गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव."