सैतानाला म्हटलेलं ‘जा’

३ मार्च

आईने ऑपरेशनला नाही म्हटलं. साफ! हृदयाची झडप बदलायची, मोठ्या मुश्किलीने सोमवारची तारीख मिळालेली, आणि ही बाई टीव्हीकडे बोट दाखवून म्हणते, "पास्टर काय म्हणाले ऐकलंस ना? शेवटचा कर्णा वाजायची वेळ आली. प्रभू दारात उभा असताना छाती फाडून घेऊन काय करू?"

ऐकलं म्हणजे काय! तो कार्यक्रम स्टुडिओत मीच कापते. पास्टर शेवटच्या काळावर तासन् तास बोलतात. मी त्यांचा खोकला, पाण्याचे घोट आणि चुकलेली वचनं काढून अर्ध्या तासात बसवते. आई म्हणते, माझी लेक प्रभूचं काम करते. मी म्हणते नोकरी.

४ मार्च

जिना चढताना आईला दोनदा बसावं लागलं. मला भीती वाटते.

५ मार्च

मेकअपच्या खोलीत पास्टरांना गाठलं. गळ्याला टॉवेल, गालाला पावडर. म्हटलं, कार्यक्रमात एकदाच म्हणा — भगिनी, दवाखान्यात जा. ती फक्त तुमचं ऐकते!

त्यांनी डोळे मिटून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एकीला सांगितलं तर सगळ्याच विचारतील, बेटा. मग आमची प्रार्थना कशाला?" आवाज इतका मऊ की धड रागही येईना. बाहेर येऊन जिन्यात रडले.

६ मार्च

जेवणाच्या सुट्टीत जुनी प्रवचनं उघडून बसले. त्यांच्याच तोंडचे शब्द वेचायचे आणि जोडायचे. ‘भगिनी’ हवी तितकी. ‘भिऊ नको’ ढीगभर. ‘दवाखान्यात’ ते एका बाईची बरं झाल्याची साक्ष सांगत होते, त्यात सापडलं. ‘जा’ मात्र मिळेना! हा माणूस कुणाला जा म्हणतच नाही, सगळ्यांना आपलं ‘या’. शेवटी मिळालं — भुतं काढताना. "सैताना, जा!" दातओठ खाऊन. आवाज खाली आणला, मागे पेटी वाजवली. तरी जरा खेकसतंच.

देवा, क्षमा कर. नाहीतर नको करूस, पण हे लागू पडू दे.

७ मार्च

आईला म्हटलं, उद्याचा भाग आहे, तुला आधी दाखवते. हात जोडून बसली. "भगिनी, भिऊ नको. दवाखान्यात जा."

तिने ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "बॅग भर."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि वेड्यासारखी हसले.

९ मार्च

आत न्यायच्या आधी आईने मला खाली ओढलं. "ते ‘जा’ सैतानाला म्हणतात, ते ना गं?"

मी तिची चादर सारखी करायला लागले.

"रोज ऐकते मी. एवढंही कळणार नाही?" हसत होती! "आधी राग आला. मग म्हटलं, हिला धड खोटं बोलता येत नाही, आणि पास्टरांच्या तोंडून बोलायला निघाली! किती घाबरली असेल पोर. तुझ्यासाठी चाललेय, त्यांच्यासाठी नाही. चल, येते."

किती वेळ लागतोय. बाकड्यावर बसून लिहितेय.

१० मार्च

आई टेबलावरच गेली.

डॉक्टरांना विचारलं, केलंच नसतं तर? म्हणाले, "वर्षभर निघालं असतं. कदाचित जास्तच."

कशाला विचारलं मी!