अर्जात नसलेला गुरुवार

सर, तुम्हाला जाऊन आता सात वर्षं होतील. मी लातूरलाच आहे, वकिली चालू आहे, आणि तुम्हाला सांगायची एक गोष्ट अजून राहिलेली आहे.

नांदेडला तुमच्या घराच्या पुढच्या खोलीतल्या ऑफिसात मी नवी सनद घेऊन आले, तेव्हा पहिलाच अर्ज चार पानांचा लिहिला होता. ओळीओळीला ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘येणेप्रमाणे’. तुम्ही पेन्सिल घेऊन बसलात, एकेक शब्द खोडत गेलात, आणि मी समोर उभी राहून बघत होते. चाराचं एक पान उरलं. माझे डोळे भरून आलेले तुम्ही पाहिलेत आणि म्हणालात, “रागावू नको. जजसाहेबांसमोर रोज ढीगभर प्रकरणं असतात. आपल्या माणसाचं दुखणं कुठं हाय, ते त्यांना हुडकायला लावू नये.” तेवढ्यात काकू बशीत चुरमुऱ्यांची सुशीला घेऊन बाहेर आल्या आणि पोरीला आधी खाऊ द्या म्हणून तुम्हालाच बोलल्या.

पुढे लातूरला माझं स्वतःचं ऑफिस झालं आणि मी ते सगळं विसरले. विसरले म्हणणंही खोटंच. आजूबाजूच्या वकिलांच्या जाडजूड फायली बघून मला पातळ अर्जाची लाज वाटायला लागली. त्याच दिवसांत ती बाई आली. मुखेडकडची, लातुरात शिवणकाम करणारी, एकटी. बापाने आणि चुलत्याने मिळून लातुरात बांधलेल्या घरात तिचा आणि चुलत भावाचा वाटा. मागची खोली माझ्या जागेत येते, असं भावाचं म्हणणं, आणि त्याच खोलीत तिची आई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. सोमवारी सकाळी येऊन बाई शांतपणे म्हणाली, “गुरुवारी त्यो जेसीबी आणणार म्हणून राहिला, मॅडम. मायला कूस बी बदलता येत न्हाई.”

मी स्टेच्या अर्जाची बारा पानं लिहिली. तुम्ही तेव्हा उपचारासाठी मुलाकडे लातूरला आला होतात. संध्याकाळी मी मसुदा घेऊन आले, ते सल्ल्यासाठी नव्हे. शिष्या किती पुढे गेली, ते तुम्हाला दाखवायचं होतं. तुम्ही पडल्या पडल्या पेन्सिल मागितलीत. तासाभरात दीड पान केलंत आणि पहिलं वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिलंत: ‘येत्या गुरुवारी प्रतिवादी जेसीबी आणून मागची खोली पाडणार आहे, त्या खोलीत वादीची आई अंथरुणाला खिळून आहे.’ मी हो सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, माझी बारा पानं दाखल केली. पुन्हा टाइप करायला वेळ नाही, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे दीड पान त्या बाईच्या हातात ठेवायची मला लाज वाटली.

कोर्टात मी तोंडी गुरुवारचं सांगितलं. साहेबांनी पानं चाळली आणि विचारलं, “गुरुवार अर्जात कुठे आहे?” मी शोधायला लागले. नवव्या पानावर ‘नजीकच्या काळात सदर मिळकतीस बाधा पोहोचण्याची दाट शक्यता’ सापडली. जेसीबी नव्हता, गुरुवार नव्हता. आई होती, पण ‘वादीचे वयोवृद्ध कुटुंबीय’ म्हणून. साहेब चिडले नाहीत. स्टे न देता समोरच्याला नोटीस काढली आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली.

गुरुवारी खोली पडली. शेजारच्या चार माणसांनी म्हातारीला बाजेसकट उचलून बाहेर आणलं, म्हणून ती वाचली. पण त्यानंतर भाड्याच्या खोलीत ती तीन महिनेच जगली. बाई मला एकदाही रागावली नाही. फक्त एकदा म्हणाली, “तुम्ही एवढं लिवलं होतं की मॅडम. मग गुरुवारचंच कसं ऱ्हायलं?” त्या दिवसापासून तुम्ही शिकवलंत तसंच लिहिते आहे. त्याने त्या बाईचं काही परत आलं नाही.

खोली पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला भेटायला आले होते. तुम्ही विचारलंत, काय झालं त्या बाईचं. मी म्हणाले, “स्टे मिळाला, सर.” तुम्ही डोळे मिटून हसलात आणि काकूंना हाक मारून सांगितलंत. मग पंधरा दिवसांत तुम्ही गेलात.

नांदेडच्या कोर्टात काम निघालं की मी काकूंकडे जाते. आल्यागेल्याला त्या अजून सांगतात, की ह्यांनी आयुष्यातली शेवटची ओळ लिहिली आणि एका म्हातारीचं घर वाचलं. म्हणून हे पत्र तुमच्या फोटोपाशीसुद्धा ठेवता येणार नाही, त्या वाचतील. मागच्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, ती म्हातारी आता कशी आहे.

बरी आहे, असं मी सांगितलं.