दोन बादल्या

४ जानेवारी

तीर्थरूप आत्यास, शि. सा. नमस्कार.

तू प्रयोगशाळेत पाठवलेल्या पानांचा निकाल लागला, पण लिहायला हात धजत नाही. शुद्ध पाण्याचा थेंब शून्याला गोठत नाही. ढगातसुद्धा तो उणे वीसच्या खालीही पाणीच राहू शकतो, कुणा कणाचा आधार मिळेपर्यंत. असे कण धुळीत असतात, परागात असतात. पण सगळ्यांत तरबेज ते कुजक्या पानांवरच्या जिवाणूंत.

पहाडातल्या शाळेची बाग राखताना बत्तीस वर्षं तू सांगत आलीस, की झाडाखालची पाचोळ्याची बादली भिंतीजवळच्या स्वच्छ बादलीआधी गोठते. सगळे हसले, बाबा सगळ्यांत जास्त. मी तुला खरं ठरवायला निघाले होते. पण तुझ्या पानांचे थेंब शुद्ध पाण्यासारखेच उणे एकवीसला गोठले. यंत्र तीनदा पुसलं, तरी तेच. सतरा तारखेला अहवाल जाईल. त्यात तुझ्या झाडापुढे ‘निष्क्रिय’ लिहिलं आहे. माझंच कुठे चुकतंय का, कळत नाही.

लोभ गोठू देऊ नकोस.

तुझी चिमणी

७ जानेवारी

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

चाळिशी उलटली तरी रडतेस तश्शीच. आज सकाळीही झाडाखालचीच बादली आधी गोठली होती. तिला तुझा अहवाल कुणी वाचून दाखवला नसावा. माझ्याकडून कसूर नाही हं. ओली, बुरसट पानं तुझ्या साहेबांच्या टेबलावर कशी पाठवायची? धुऊन, तव्यावर कुरकुरीत भाजून मगच पाकिटात भरली.

स्वेटर घालत जा.

आत्या

१० जानेवारी

ती. आत्यास, नमस्कार.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. तव्याच्या आचेने जिवाणूंचं सगळं कसब जातं! यंत्रावर संशय घेतला, तुझ्यावरही घेतला. पानं कशी वाळवली, हे मात्र विचारलं नाही. नमुन्याच्या कागदावर तो रकाना मीच कोरा सोडला होता. साहेब थांबायला तयार आहेत. कृपा करून आता घाणच पाठव.

चिमणी

१७ जानेवारी

ती. आत्यास, शि. सा. नमस्कार.

पहिला थेंब उणे चारला पांढरा झाला, मग भराभर सगळे. साहेब खुर्ची ओढून बघत बसले. ‘निष्क्रिय’ खोडलं. निरीक्षण कुणाचं, या रकान्यात लिहिलं: माळी, बत्तीस वर्षं. तुझ्या बागेत लहानाची मोठी झाले, पण त्या बादलीत एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

आहे तशीच माया ठेव.

तुझी चिमणी

ता. क. बाबांना निकाल सांगितला. त्यांनी कोट चढवला आणि अंगणात दोन बादल्या भरून ठेवून आले. एक झाडाखाली.