भस्म्याची कंपनी

३ जानेवारी
आजपासून पांढरा कोट बंद. तो दारामागच्या खुंटीला अडकवला आणि ब्लेझर चढवला. शास्त्रज्ञ म्हणून पुष्कळ झालं, आता बिझनेस. ताई म्हणाली, कंपनीत माणसं दोनच, त्यातलं एक ब्लेझर घालून बसलं तर लॅबची भांडी कोण घासणार? मोठ्या बहिणीला भावाची किंमत जरा उशिराच कळते. कॉलेजातली पर्मनंट नोकरी सोडून ती माझ्या शब्दावर इथे आली, हे मी विसरलेलो नाही. तिला कारखाना काढून देणार म्हणजे देणार.
संकल्प: रोज एक नवीन गिऱ्हाईक. रोज डायरी.

९ जानेवारी
गिऱ्हाईक अजून नाही. डायरीही राहिली. पण पिच पाठ झालं. हॉटेलांच्या मोऱ्या कशाने तुंबतात? गोठलेल्या चरबीने. आमचा जंतू ती चरबी खातो. कॅन ओता आणि निवांत झोपा. हा जंतू ताईने एका गटारातून शोधला, वर्षानुवर्षं पोसला, निवडून निवडून खादाड केला. नावही तिचंच, भस्म्या. पोटच्या पोरासारखं बघते त्याच्याकडे. मी त्याला बाजार दाखवणार.
जेवताना आईला पिच म्हणून दाखवलं. तिने ताट स्वतःकडे ओढून घेतलं. मी जेवताना बोलायला लागलो की ती हे नेहमीच करते. घरात मार्केटची समज कमीच.

१६ जानेवारी
आज टायवाला आला. पैसे गुंतवणारा हाच तो. टाय एवढा घट्ट, की माणूस हसला तरी कळत नाही. लॅब फिरवून दाखवली. भस्म्या ज्या काचेच्या प्लेट्समध्ये वाढतो त्यांची झाकणं उघडून अगदी जवळून दाखवला. मास्क लावला नाही. मास्कमधून आत्मविश्वास पोचत नाही. पाऊण तास सलग बोललो, कसा कोण जाणे. ताई मागून हातवारे करत होती. आधी मला वाटलं, शाबासकी देतेय. नंतर म्हणाली, उघड्या प्लेटवर तोंड घालून बोलतात का?
मीटिंगच्या खोलीतला जुना फ्रीझर फार घुरघुरतो. टायवाल्याचं लक्ष जायला लागलं म्हणून बटण बंद केलं. अशा बारीकसारीक गोष्टींतच बिझनेस कळतो.

२१ जानेवारी
फ्रीझर चालू करायचा राहूनच गेला. मध्ये जोडून सुट्ट्या आल्या. खाली थोडं पाणी साचलं होतं, पुसून काढलं. बटण दाबल्याबरोबर घुरघुर सुरू, म्हणजे सगळं ठीक. आत भस्म्याच्या राखीव कुप्या असतात, मूळ वाणाच्या. विरघळल्या असतील, परत गोठतील. बर्फाचं तसंच असतं.
ताईला सांगितलं नाही. उगीच तिचं बीपी वाढायचं.

३० जानेवारी
बातमी! भस्म्या दुप्पट वेगाने वाढतोय. रात्री ठेवलेला फ्लास्क सकाळी दुधासारखा गढूळ. त्यालाही मार्केटचा वास लागलेला दिसतो. प्लेटवर पूर्वी पांढुरका दिसायचा, आता चक्क सोनेरी. लेबल सोनेरी करायला सांगितलं.
वास थोडा बदललाय. ओल्या मोज्यांसारखा. सेंट टाकता येईल.

५ फेब्रुवारी
काचेच्या बरणीत चरबीचा गोळा ठेवून त्यावर भस्म्या ओतायचा, सकाळपर्यंत गोळा गायब, असा आमचा डेमो. आज सकाळी गोळा होता तसाच. दुपारीही. ताई बरणीसमोर स्टूल टाकून बसून राहिली. जेवायलाही उठली नाही.
माझं निदान: गोळा मोठा होता. उद्यापासून लहान ठेवायचा.

६ फेब्रुवारी
लहानही तसाच. भस्म्या पोटभर जेवलेला असणार.

११ फेब्रुवारी
ताईशी कडाक्याचं भांडण. तिला ओळख-तपासणी करायची आहे, म्हणजे फ्लास्कमध्ये आहे तो नक्की कोण हे बघायचं. तोवर एकही कॅन बाहेर जाऊ द्यायचा नाही. आठवडा जाईल. मी म्हटलं, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये ट्रायल ठरलीय, टायवाल्याची सही त्यावर अडलीय, आणि तुला आताच ओळखपरेड सुचतेय? ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
"मला हा भस्म्या वाटत नाही," एवढंच म्हणाली.
सायंटिस्ट लोकांचं हेच. यश समोर आलं की त्याला आधार कार्ड मागतात.

१४ फेब्रुवारी
ताई आईला गुडघ्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना घेऊन गेली. मी कॅन उचलला आणि कॅन्टीन गाठलं. कॅन्टीनच्या बाईंसमोर स्वतः सिंकमध्ये ओतला. थोडा कापायच्या ओट्यावर उडाला, रुमालाने पुसला. त्यांना संपूर्ण पिच ऐकवलं.
आईचं ऑपरेशनही याच हॉस्पिटलात. याला म्हणतात योग.

१५ फेब्रुवारी
ताईने कॅन मोजले. कुठे गेला, विचारलं. मी सांगितलं. ती चप्पल घालून सरळ कॅन्टीनला गेली आणि सगळं ब्लीचने धुवा म्हणून सांगून आली. मग मला फोन करावाच लागला. बाईंना सांगितलं, ब्लीच मुळीच नको, माल मरेल, आमच्या मॅडम जरा काळजीखोर आहेत.
आई उद्या अ‍ॅडमिट. ताई म्हणते, तिचा डबा घरूनच जाणार. आपल्याच गिऱ्हाइकाच्या जेवणावर असा अविश्वास! टायवाल्याला कळलं तर?

१८ फेब्रुवारी
कालचं ऑपरेशन उत्तम झालं. ताईला डबा घेऊन यायला उशीर झाला. तेवढ्यात कॅन्टीनचं कस्टर्ड आलं. आई नको म्हणत होती. मी दोन चमचे भरवले आणि नर्सकडून फोटो काढून घेतला. आई आणि गिऱ्हाईक एकाच फोटोत. टायवाल्याला लगेच पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
आईला उलट्या. शेजारच्या कॉटवरच्या बाईंनाही. हवा बदललीय.

१९ फेब्रुवारी
अख्खा वॉर्ड. कॅन्टीनला कुलूप. आईला सलाईन. डॉक्टर म्हणाले, या वयात, नुकतंच ऑपरेशन झालेलं, चोवीस तास सांगता येत नाही. तिचा हात धरून बसलो. हात गार. मला भीती वाटतेय. हवा नाही, हे मला माहीत आहे.
टायवाल्याने अंगठा काढून घेतला.

२० फेब्रुवारी
आईने पाणी मागितलं. डॉक्टर हसले. वॉर्डातले बाकीचेही सावरताहेत. मी जिन्यात जाऊन रडलो. ब्लेझरच्या बाहीनेच डोळे पुसले.
हॉस्पिटलवाले सगळ्यांचे नमुने घेताहेत. ताईने माझ्या नाकात काडी घातली. म्हटलं, मी कस्टर्ड खाल्लंच नाही. ती म्हणाली, मान वर कर.

२५ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. कस्टर्डमध्ये जो जंतू, तोच कॅनमध्ये. कॅनमध्ये जो, तोच माझ्या नाकात. प्लेट उघडून मी बोललो, तो प्लेटवर पडला, भस्म्याला मागे टाकून वाढला. सोनेरी.
"भस्म्या केव्हाच गेला," ताई म्हणाली. "महिनाभर आपण कॅनमध्ये भरतोय तो तू आहेस."
मी म्हटलं, राखीव कुप्या आहेत ना. ती उठली. मग फ्रीझर उघडला. सगळ्या कुप्या तळाशी एकाच ढेपेत गोठलेल्या, नावांची शाई ओघळलेली. काय झालं ते तिने विचारलं नाही. एकेक कुपी सोडवून प्लेटवर पसरली.

१ मार्च
एकाही प्लेटवर काही उगवलं नाही. ताई रोज सकाळी येऊन बघते, झाकण लावते, परत ठेवते.

४ मार्च
तिने प्लेट्स टाकून दिल्या आणि स्टुलावर बसून रडली. बाबा गेले तेव्हा तिला असं पाहिलं होतं. काय बोलावं सुचेना. मला सुचेना, असं पहिल्यांदाच झालं.

१२ मार्च
जागा महिनाअखेर सोडायची. ताईला जुन्या कॉलेजात काम मिळालं, तासिकेवर. ज्यांना तिने शिकवलं ते आता तिचे साहेब. टायवाला फोन उचलत नाही.
आई घरी आली, वॉकर घेऊन चालते. रात्री तिघं जेवायला बसलो. मला एक नवी कल्पना सुचलीय, यात जंतू अजिबात नाहीत, बाजार प्रचंड. सांगायला सुरुवात केली. आईने ताट ओढून घेतलं. ताईनेही घेतलं.
"लहानपणापासून सांगत आले," आई म्हणाली, "अन्नावर तोंड घालून बोलू नये." रागावली नव्हती.
मी गप्प बसलो. जेवणं झाल्यावर भांडी घासली. लॅबची उद्या घासायची आहेत. कोट अजून खुंटीलाच आहे.