विडीची सुट्टी

बाबा,

काल, सोमवारी, सकाळी अकरा वाजता तुमच्या जुन्या यंत्रमाग कारखान्याच्या दारात एका कामगाराने माझ्या तोंडावर विडीचा धूर सोडला. मी शेठच्या मुलाला जाब विचारला, तर भिंतीकडे बोट दाखवून तो म्हणतो, “पाटी लावलीय ना, आजी.” खरंच होती. गेल्या गांधी जयंतीपासून चार माणसांत विडी-सिगारेट ओढायला देशभर बंदी आली, म्हणून इथे कामतघरातल्या कारखान्यातही पाटी आली. पाटीखाली थोटकांचा खच.

तुम्ही कधी विडी ओढली नाहीत. पण लूम सोडून घटकाभर बसायची मुभा फक्त विडीसाठी असायची, म्हणून तुम्ही न पेटवलेली विडी बोटांत धरून विडीवाल्यांच्या कोंदट खोलीत जाऊन बसायचात. मी तुमचा डबा घेऊन यायचे. अंगात कॉन्व्हेंटचा गणवेश, तोही शेठच्या शब्दावर मिळालेल्या प्रवेशाचा, आणि नाकाला रुमाल. यांना बाहेर ओढायला सांगा म्हटलं, तर तुम्ही हसलात. “बाय, धूर काय कुणाचं ऐकतो?” पुढे छाती भरली ती तुमची. रोज किती ओढता, असं डॉक्टर विचारायचे आणि खरं उत्तर तुम्ही जाईपर्यंत त्यांना पटलं नाही.

काल मी तणतणत, तशीच रिक्षाने शेजारच्या दापोडे गावी गेले, तिथल्या धुराचाही जाब विचारायला. माझ्याकडे पूर्वी भांडी घासायची ती बाई आता तिथल्या कापडाच्या गोदामात पॅकिंगला आहे. गेल्या वर्षी तिथल्या विड्यांच्या धुराने दोन शब्द बोलली की खोकायची. आत शिरले आणि थबकले. एवढं मोठं छप्पर, एवढी माणसं, आणि वास फक्त नव्या कापडाचा. पाटी कुठेच नाही. ओढणारे रस्त्यापलीकडे, बाभळीखाली उभे.

“गावसभेत आमी बायकाच उठलो,” ती म्हणाली. “छपराखाली बिडी न्हाय म्हंजे न्हाय. आन सुट्टी सगल्याना. वढनाऱ्याला बी, न वढनाऱ्याला बी.”

हे सगळं ती न खोकता बोलली. कायदा तोच, अंतर एका रिक्षाचं, आणि धुराने ऐकलं होतं, बाबा. ज्यांना सही करता येत नाही अशा बायकांचं ऐकलं होतं. मी तिथे उभी राहून नुसता श्वास घेत होते.

हे पत्र मी टाकणार नाही. उत्तर माझ्या त्या गणवेशात असेल, अशी भीती वाटते. तरीही विचारते: विडीशिवायची सुट्टी तुम्ही शेठकडे का मागितली नाहीत? येत्या रविवारी संध्याकाळच्या आत मला लेखी कळवा.